डोळा लागला

मागच्या महिन्यात मंठ्याहून एका शिक्षकाचा फोन आला. ओळख ना पाळख, आणि पहिलंच वाक्य, "भाऊ, तुमाला बी रक्त पडत होतं का?" मी रोपवाटिकेत होतो, बाजूला चार गिऱ्हाइकं उभी. तरी तिथंच म्हणालो, "पडत होतं. लय पडत होतं. आता न्हाई पडत." पलीकडे माणूस रडायलाच लागला. आमच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारून त्याला माझा नंबर दिला होता. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर माझी बायको सविता म्हणाली, "इतकं बोललात ते एकदा लिहूनच काढा ना. दर वेळी गिऱ्हाइकं ताटकळत ठिवणार का?"

म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाचं नाव आणि गोळ्यांचं माप मला विचारू नका. जे अंगावरून गेलं तेवढंच सांगतो.

माझं नाव अंकुश. तीर्थपुरीजवळ आमची मोसंबीची रोपवाटिका आहे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाला चाकूने काप घ्यायचा, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या कापात बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची, हे आमचं काम. डोळा मी भरतो, पट्टी सविता बांधते. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघायचं. हिरवा दिसला तर डोळा लागला, काळा पडला तर गेला. आमच्या जोडीइतके डोळे या भागात कुणाचे लागत नाहीत. मी सांगतोय म्हणून खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा.

एकच नाव

आमच्याकडे खालून रक्त पडलं की त्याला एकच नाव आहे, मूळव्याध. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही. एकाने चूर्ण दिलं, एकाने सुरण खायला लावलं, एकाने सांगितलं, "उष्णता हाय, सब्जा पी." मी सगळं केलं. चूर्णाने पोट आणखी सैल झालं. तरी मी ते तीन महिने घेत राहिलो, कारण देणारा म्हणाला होता की आधी सगळी घाण निघून जाईल.

दिवसातून चार वेळा जात होतो ते दहा वेळा झालं, मग मोजणं सोडून दिलं. कळ आली की अर्धा मिनिटसुद्धा मिळायचा नाही. वाफ्यात लाकडी पाटावर बसून डोळा भरायला घेतला की चाकू टाकून पळायचो. तीर्थपुरी ते अंबड रस्त्यावरचं प्रत्येक कुंपण, प्रत्येक बाभूळ मला पाठ झाली होती. एकदा अंबडला जाताना एसटी थांबवायला लावली. कंडक्टर चांगला माणूस, लगेच घंटी मारली. मी परत येऊन चढलो तर सगळी बस माझ्याकडे बघत होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पावण्यानी लग्नातलं लय हाणलं वाटतं." सगळे हसले. मीपण हसलो. त्या दिवसापासून एसटीत बसणं सोडलं.

घरी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय. डाग दिसू नयेत म्हणून काळ्या पँटी घालायला लागलो आणि कपडे स्वतः धुवायला लागलो, आणि तिथंच पकडला गेलो. वीस वर्षांच्या संसारात मी रुमाल धुतला नव्हता. सविता मोरीच्या दारात उभी राहिली. "काय लपवून राह्यले ओ तुमी?" मी म्हणालो, "कुठं काय." तिने माझ्या हातातली पँट ओढून घेतली आणि उजेडात धरून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला अंबडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून सांगितलं की ही मूळव्याध नाही, आजच्या आज संभाजीनगर गाठा.

पानसोट

आतड्याची दुर्बीण करायची म्हणजे आदल्या दिवशी ते औषधाचं पाणी प्यावं लागतं. ज्यांना ते लिहून दिलं असेल त्यांना एकच सांगतो, थंड करून प्या आणि त्या दिवशी कुणाशी भांडू नका. मी सविताशी दोनदा भांडलो.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पडद्यावर मला माझं आतडं दाखवलं. लालभडक, सोललेलं, जागोजागी रक्त झिरपतंय. मला वाटलं झालं, कॅन्सर. त्या म्हणाल्या, "अंकुशराव, कॅन्सर नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याची सूज." माझा जीव भांड्यात पडला. मग मी विचारलं, "मंग बरं कवा होईल?" त्या म्हणाल्या, "हा आजार मुळापासून जात नाही. पण शांत बसवता येतो, वर्षानुवर्षं." शांत बसवता येतो हे मला ऐकूच आलं नाही. जात नाही एवढंच ऐकू आलं. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि सरळ रडलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्याच्या भिंतीत दोन जाळी असतात. एक रक्तवाहिन्यांचं, माल आणणारं. दुसरं लसीकावाहिन्यांचं, सांडलेलं पाणी गोळा करून परत नेणारं. सूज आली की रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात, पण ते कच्चे असतात. त्यांच्यातून पाणी झिरपतं, सूज आणणाऱ्या पेशी त्याच वाटेने आत घुसतात.

"म्हंजी पानसोट फुटलेत," मी म्हणालो.

"काय फुटलेत?"

मी सांगितलं. मोसंबीचं झाड बिघडलं की खोडातून जाडजूड हिरवेगार फुटवे सरळ वर जातात. दिसायला जोरदार, पण नुसता रस ओढतात, त्यांना फळ धरत नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच. आणि त्याच वेळी दुसरं जाळं, निचऱ्याचं, ते मंदावतं. मग सांडलेलं पाणी भिंतीतच तुंबून राहतं."

सविता वाकून चित्र बघत होती. ती म्हणाली, "पट्टी सोडायची राह्यली की तसंच होतंय. वरून रस खाली उतरत न्हाई, बांधल्या जागी फुगून बसतो." मॅडमनी ते चित्राखालीच लिहून घेतलं. नंतर म्हणे त्या दुसऱ्या पेशंटांनाही हेच सांगायला लागल्या. आमच्या धंद्याचं नाव घेतात की नाही, माहीत नाही.

माझं डोकं

आता माझी चूक सांगतो, आणि ती लपवणार नाही.

मला ॲडमिट करून सलाईनमधून औषध सुरू केलं. सोबत रोज पोटात टोचायचं एक छोटं इंजेक्शन होतं. सिस्टरला विचारलं हे कशाचं, तर ती म्हणाली, "रक्त पातळ राहण्याचं."

मी उठूनच बसलो. "ओ ताई, मला खालून रक्त चाललंय आन् तुमी आणखी पातळ करून राह्यल्या? डोकं ठिकाणावर हाय का?"

मॅडम स्वतः आल्या. म्हणाल्या, या आजारात एवढी सूज असताना रक्त आतून चिकट होतं. आतड्यात गळतं आणि पायात गोठतं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जातो. मला काही पटेना. मी काय चाकूने झाडं कापत नाही का? जिथून रस गळतो तिथं घट्ट करायचं का पातळ? मी नको म्हणालो आणि नको म्हणाल्याची सही करून दिली. सविता म्हणाली, "घ्या ना ओ, त्या शिकलेल्या हाईत." मी तिला गप्प बसवलं.

पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं. हिवाळ्याचे दिवस, डोळे भरायचा हंगाम ऐन भरात. मॅडम नको म्हणत असताना मी हट्टाने घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून वाफ्यात पाटावर पाय दुमडून बसलो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आज आठवलं तरी मला माझाच राग येतो.

बशीरचाचा

आठ दिवसांत रक्त परत सुरू झालं आणि डावी पोटरी दुखायला लागली. आधी वाटलं गोळा आलाय. मग पाय फुगला, चप्पल चढेना. पाय असा दुखला की आमच्याकडे सगळे एकच म्हणतात, नस चढली. आणि चढलेली नस उतरवायला गावात एकच माणूस, बशीरचाचा. वय सत्तरच्या पुढं, पण हात अजून असे की बैलाचा खांदासुद्धा बसवतील. लोक परतूरहून येतात त्यांच्याकडे.

सविताने तेल गरम करून ठेवलं होतं. चाचा आले, खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला. मी म्हणालो, "चाचा, जोर लावून उतरवा, उद्या वाफ्यात बसायचंय." त्यांनी पोटरीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. मग उजव्या पोटरीवर ठेवला. परत डावीवर. तेलाच्या वाटीला हातही लावला नाही.

"अंकुश, हा पाय मी चोळणार न्हाई."

"का ओ चाचा?"

"चढलेली नस गार असती बेटा. हे गरम हाय, आन् येकाच बाजूनं फुगलंय." ते सविताकडे वळले. "माझ्या उस्तादनी येक डाव असाच पाय चोळला होता. मी बाजूलाच बसल्तो. त्या मानसानं येक उचकी दिली आन् गेला. उस्तादनी मरंस्तोवर परत तेलाला हात लावला न्हाई. गाडी बोलवा. जल्दी."

मी हुज्जत घालायला लागलो तर चाचा माझ्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "गप पड! पाय हालवू नको!" गाडी आली. त्यांनी आणि सविताने मला उचलून मागच्या सीटवर आडवं घातलं आणि चाचा खिडकीतून म्हणाले, "रोपाची फिकर करू नको. पानी मी देतो."

ज्या माणसाचं पोटच नस उतरवण्यावर आहे, तो नाही म्हणाला. हो म्हणाला असता तर हे लिहायला मी नसतो.

पेनाची खूण

पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती, पोटरीपासून वर मांडीपर्यंत. मॅडम आल्या. मला वाटलं आता ऐकवतील, आणि ऐकवायलाच पाहिजे होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आता तरी घ्याल ना?" मी शर्ट वर केला. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू झालं, आणि खालून रक्त चालूच. प्रत्येक वेळी संडासात खाली बघताना वाटायचं, आज सगळंच वाहून जातंय. चार दिवसांनी मात्र ते वाढलं नाही हे मलाच दिसलं.

खरं संकट दुसरंच होतं. सलाईनमधलं औषध आता लागू पडेना. आतडं इतकं सुजलं होतं की फाटायची भीती. मॅडमनी शुक्रवारी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. आज एक नवं, भारी औषध सलाईनमधून देते. सोमवारी सकाळपर्यंत वाट बघू. नाही फरक पडला तर मोठं आतडं काढावं लागेल आणि संडास गोळा करायला पोटाला पिशवी लावावी लागेल. पायात ताजी गुठळी असताना हे ऑपरेशन साधं नाही.

त्याच दुपारी सर्जन आले. त्यांनी मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं आणि बेंबीच्या उजव्या बाजूला निळ्या पेनाने फुली मारली. पिशवी लागलीच तर इथं. मी विचारलं, "सायेब, मला वाफ्यात उकिडवं बसता येईल का?" ते म्हणाले, "येईल. माझे कितीतरी पेशंट पिशवी लावून शेती करतात." चांगल्या मनाने सांगितलं त्यांनी, आणि ते खरंही आहे, आता मी अशा दोघांना ओळखतो. पण तेव्हा मी त्या फुलीकडे बघून नुसता घाबरलो होतो. आयुष्यभर मी खुंटावर चाकू लावायच्या आधी अशीच जागा बघत आलो. आज खुंट मी होतो.

सविताने त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. डबा द्यायची, पाय उशीवर ठेवायची, की बाहेर जाऊन बसायची. शनिवारी मी म्हणालो, "बोल की काहीतरी." तेव्हा ती फुटली. "काय बोलू? सही करताना मला इचारलं का? डोळा तुमी भरता पर पट्टी मीच बांधते ना? मंग माझं ऐकायला काय झाल्तं?" वॉर्डातले सगळे बघायला लागले. ती रडत होती आणि बोलत होती, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की मी एकटा आजारी नाही. मी तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली. तिने डोळे पुसले, म्हणाली, "जेवा आता," आणि भाताचा डबा उघडला.

शनिवारी फरक नाही. रविवारी सकाळी सहा वेळा गेलो. एरवी तेवढ्या वेळात दहा वेळा जात होतो, पण आशा धरायची भीती वाटली म्हणून सविताला सांगितलं नाही. दुपारी पाठ टेकली. नंतर कानावर सविताचा आवाज आला, ती सिस्टरला हळूच सांगत होती, "डोळा लागलाय, उठवू नका."

मी अर्धवट झोपेत विचारलं, "कोन्त्या वाफ्यातला?"

सिस्टरला काही कळलं नाही. सविता तोंडाला पदर लावून हसायला लागली, इतकी हसली की शेजारच्या पलंगावरच्या आजी विचारायला लागल्या काय झालं. महिनाभरानंतर मी तिला हसताना बघत होतो. दोन तास झोपलो होतो मी, सलग, एकदाही न उठता. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी सर्जन आले, कागद बघितले, पोट दाबून बघितलं. "मला काम दिसत नाही इथं," म्हणाले आणि हसत निघून गेले. मॅडमनी माझ्या खांद्यावर थाप मारली. ती फुली आंघोळीने चार-पाच दिवस गेली नाही. सविता रोज ओल्या फडक्याने घासायची आणि म्हणायची, "जा ना मेली."

आता

घरी आलो तेव्हा वाफे हिरवेगार होते. चाचांनी पाणी तर दिलंच होतं, वर पट्ट्याही वेळेवर सोडल्या होत्या, कुणी न सांगता. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "पाय धरायचं काम माझं हाय, तुझं न्हाई."

पुढचं सगळं काही सोपं नव्हतं. ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जाऊन औषध घ्यायचं, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या मॅडम बंद म्हणेपर्यंत घ्यायच्या, बरं वाटतंय म्हणून मनाने काही सोडायचं नाही. तिखट कमी केलं. मोसंबीचा रस काही महिने बंद होता, आणि मोसंबीवाल्याला मोसंबी बंद म्हटल्यावर गावाने माझी जी थट्टा केली ती अजून चालू आहे. वाफ्यात दर तासाला उठून मी एक फेरी मारतो. विसरलो की सविता पट्टी बांधता बांधता नुसतं म्हणते, "पाय." लोकांना कळत नाही ती कुणाच्या पायाचं बोलतेय.

वर्षाने परत दुर्बीण झाली. मी पडद्याकडे बघायला घाबरत होतो. मॅडम म्हणाल्या, "अंकुशराव, बघा तर."

बघितलं. गुलाबी, गुळगुळीत भिंत. आणि तिच्यावर बारीक बारीक लाल शिरांची नक्षी, एकीतून दुसरी फुटलेली. कोवळं मोसंबीचं पान उन्हात धरलं की दिसतात तशा.

"मागच्या वेळी सुजेमुळे यातलं काहीच दिसत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "रक्तवाहिन्यांची ही जाळी परत दिसायला लागली की समजायचं, आतून बरं झालंय."

मी फोटोची प्रत मागून घेतली. बाहेर सविता बाकावर बसली होती, त्याच बाकावर जिथं मी रडलो होतो. तिने चष्मा लावला, फोटो उजेडात धरला, रोप बघते तसा जवळ नेऊन, लांब नेऊन बघितला.

"जितं हाय," ती म्हणाली.

"लागलाय ना?"

"लागलाय की ओ. बराबर लागलाय." आणि तिथंच, माणसांच्या गर्दीत, तिने माझा हात धरला.

मी म्हणालो, आज गाडी करायची नाही, एसटीने जायचं. ती जरा घाबरली, पण नको म्हणाली नाही. मी मुद्दाम खिडकीची जागा धरली. पाचोड गेलं, अंबड आलं, त्याच्यापुढे माझी सगळी ओळखीची कुंपणं आणि बाभळी येणार होत्या. एकेक मोजायचं मी ठरवलं होतं.

त्यातली एकही मला दिसली नाही. सविता खांदा हलवत होती, "उठा, तीर्थपुरी आली." माझा डोळा लागला होता.